कानात नसलेली नळी

डॉक्टर हरकऱ्यांनी वारलूच्या पाठीला नळी लावली तेव्हा नळीची दुसरी दोन टोकं त्यांच्या कानात नव्हती. ती गळ्यात लोंबत होती, कोटाच्या गुंड्यांशी खेळत. आणि हे त्यांच्या लक्षात आलं ते वारलू खोकून झाल्यावर. नेहमीसारखं त्यांनी "श्वास घे" म्हटलं, वारलूनं लोहाराच्या भात्यासारखा श्वास ओढला, चकती उजव्या खांद्याच्या हाडाखालून उतरत उतरत खालच्या बरगडीशी आली आणि वारलू नेमका तिथं खोकला. "इथं अजून थोडं आहे," डॉक्टर म्हणाले, बापूजी कंपाउंडरनं मान डोलावली, आणि कानातली नळी काढायला डॉक्टरांनी हात वर नेला तो नुसत्या कानाला लागला. आपलाच कान; उन्हानं तापलेला, मऊ, रिकामा. भर बाजारात डोक्यावरची पगडी सावरायला हात न्यावा आणि पगडी घरीच खुंटीवर राहिलेली असावी, तसं झालं. पण खरा धक्का तो नव्हता. माणूस आहे, विसरतो. धक्का हा की नळी कानात नसल्याचा त्यांना स्वतःला काही फरकच जाणवला नव्हता; आणि त्याहून मोठा धक्का हा की सगळ्या वॉर्डात कुणी हसलं नव्हतं.

हा वॉर्ड न हसण्यातला नव्हता. चांद्याच्या पठाणपुरा दरवाज्याबाहेर, एके काळी जिथं घोडे बांधत त्या लांबलचक पागेत, माजी सैनिकांचं हे रुग्णालय थाटलेलं होतं. पावसाळ्यात भिंतीतून अजून लिदीचा वास यायचा आणि एखादा म्हातारा शिपाई झोपेत खिंकाळला तरी कुणी दचकत नसे. आत भरलेले सगळे ब्रह्मदेशाच्या वाटेवरून परत आलेले. चामोर्शीकडचे धानकरी, सावलीकडचे ढीवर, गडचिरोलीच्या रानातले गोंड. पायोनियर कंपनीतले, म्हणजे हातात बंदूक थोडी आणि फावडं फार. लढाई संपून बारा-तेरा वर्षं झाली, चांदा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात जाऊन बसला, तरी आसामच्या डोंगरातली ओल यांच्या छातीतून गेली नव्हती. पण हसण्याला ती ओल कधी आडवी आली नाही. कोण्या बड्या साहेबांचं भाषण चालू असताना छपरातून चिचुंद्री त्यांच्या टोपीवर पडली, त्या दिवशी हसण्यानं दोघांचे टाके उसवले होते, आणि दसरू तर म्हणे हसता हसता खाटेसकट दारापर्यंत सरकत गेला होता. असा तो वॉर्ड. आणि आज मुख्य डॉक्टरानं रिकाम्या कानांनी छाती तपासली, रोग सांगितला, तोही बरोबर सांगितला, आणि खाटांच्या पायथ्याशी ताठ उभे असलेले सगळेच्या सगळे खाली बघत होते. जो तो आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे. जणू फरशीवरून साप चालला होता आणि तो जाईपर्यंत कुणी हलायचं नव्हतं.

मग डॉक्टरांनी काय केलं, तर नळी कानात घातली आणि पुढच्या खाटेकडे वळले. दुसरं काय करणार. पुढच्या खाटेशी मनसाराम होता, सावलीचा ढीवर, काळा, शिडशिडीत, गळ्याखाली हाडांचे दोन वाडगे पडलेले. "कैसा है जवान?" "ठीक है साब." नळी पुढं, नळी मागं. मनसाराम कुठंच खोकला नाही. "साफ," डॉक्टर म्हणाले, आणि आपला आवाज आपल्याला विहिरीच्या तळातून आल्यासारखा वाटतो आहे हे त्यांच्या मनात आलं. "उद्या घरी जा." मनसारामच्या चेहऱ्यावर पाणी लागल्यावर माती हसते तसं काहीतरी झालं. त्याच्या गावचा तलाव वैशाखात आटला की सगळ्या ढिवरांची मिळून मासेमारी असते, आणि त्या दिवशी आपलं जाळं पाण्यात नसणं म्हणजे मेल्यासारखंच, हे त्यानं महिनाभर वॉर्डाला ऐकवलं होतं. त्याची बायको देवकाबाई त्याला न्यायला सावलीच्या मोटारीनं आलेलीच होती. व्हरांड्यात लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढून बसली होती.

खोलीत येऊन डॉक्टर आपल्या खुर्चीत बसले. दारावर पाटी होती, मुख्य वैद्यकीय अधिकारी, आणि खाली मेजर त्र्यंबक हरकरे. ही खुर्ची त्यांना मिळाली तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती सकाळची फॉलिन, पलटणीतल्यासारखी रांग. शिपायानं खाटेवर लोळून, बायकांसारखं कण्हत डॉक्टरची वाट बघायची हे त्यांना बघवेना. ज्याला उभं राहता येतं त्यानं उठायचं, पायथ्याशी ताठ उभं राहायचं, विचारलं तर "ठीक है साब" म्हणायचं. बघायला आलेले मोठमोठे लोक थक्क व्हायचे. रुग्णालय नव्हे, पलटण आहे, म्हणायचे. आणि खरंच त्या रांगेच्या टोकाला उभं राहिलं की डॉक्टरांना आपली पाठ आपोआप सरळ होताना जाणवायची, आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. या माणसांपैकी कुणालाही साहेबापुढं दुखतंय म्हणण्याची लाज वाटावी अशी ती व्यवस्था होती, हे तेव्हा कळलं नाही. आज, या क्षणी, पंख्याच्या पात्याखाली बसून, ते त्यांना अर्धवट कळत होतं. पंखा फिरत होता. पूर्वी हा पंखा प्रत्येक फेऱ्याला कण्हायचा. कधीपासून कण्हायचा थांबला? कुणी तेल घातलं, की...

आवाज त्यांच्या आयुष्यातून एकेक करून निघून गेले होते, पंगतीतून माणसं उठावीत तसे. पहिले गेले रातकिडे. मोहर्लीच्या बाजूला एकदा जंगल बंगल्यात मुक्काम असताना त्यांनी तिथल्या रेंजरला मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं होतं की ठेकेदारांनी सागवान तोडल्यापासून या रानातले रातकिडे संपले, बघा, एक ओरडत नाही. रेंजर त्यांच्याकडे बघत राहिला होता. चहूकडे किडे एवढे ओरडत होते की त्याला म्हणे डॉक्टरांचं बोलणंच नीट ऐकू येत नव्हतं. मग गेल्या लक्ष्मीच्या बांगड्या. बायको हयात होती तेव्हा स्वयंपाकघरातून तिच्या बांगड्यांचा आवाज यायचा, मग येईनासा झाला, आणि डॉक्टरांना वाटलं की तिनं बांगड्या वाजवत चालणं वयामुळं सोडलं. "तू हल्ली फार हळू चालतेस," असंही ते तिला म्हणाले होते. ती हसली होती. पुढं ती गेलीच, आणि मग घरात आवाज नसण्याला कारण मिळालं. डावा कान तर लढाईत, ब्रह्मदेशातल्या तामूच्या रस्त्यावर बाँबच्या धक्क्यानं गेलेलाच. उजव्यावर सगळा संसार चालला होता, आणि तो उजवाही आता भिंतीला लावलेल्या कानासारखा झाला होता. समोरचा माणूस परेडच्या आवाजात बोलला तर पलीकडून काहीतरी पोचायचं. छातीतले आवाज तर केव्हाचे बंद. केस चोळावेत तसा तो बारीक कुरकुर आवाज, ओल्या चामड्याचा आवाज, बाटलीत फुंकर मारल्यासारखा आवाज. विद्यार्थीदशेत नागपूरला त्यांच्या प्राध्यापकांनी त्यांच्या कानांचं कौतुक केलं होतं, हरकरे, तुझ्या कानात मांजर बसलंय. मांजर निघून गेलं होतं. त्याच्या जागी त्यांनी डोळे बसवले, बोटं बसवली, आणि विशेषतः तो नेमक्या जागी येणारा खोकला. आपण फार हुशारीनं सगळ्यांना फसवतो आहोत असा त्यांचा समज होता. वरून विचारणा झाली की तुमच्याकडे आणखी एक डॉक्टर द्यायचा का, तेव्हा त्यांनीच कळवलं की गरज नाही. दुसरा डॉक्टर म्हणजे दुसरे कान. एक्स-रेचं यंत्र येणार होतं, त्यालाही त्यांनी फारसा हातभार लावला नव्हता.

आणि आता ते न हसणं. त्यांनी बापूजीला सांगून वारलूला बोलावलं.

वारलू चामोर्शीचा, आडवा बांधा, डोक्याचं टक्कल आणि मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. तामूच्या रस्त्यावरून डॉक्टरांना खांद्यावर वाहून आणणाऱ्या चौघांतला तो एक. बाकीचे तिघे कुठं गेले ठाऊक नाही. हा मात्र दरवर्षी उन्हाळ्यात छाती भरली की या दारात यायचा, आणि घरचे तांदूळ आणायचा. डॉक्टरांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. डॉक्टरांनी सरळ विचारलं, केव्हापासून माहीत आहे. वारलूनं आधी कशाचं काय असा चेहरा केला, मग तो चेहरा त्यालाच जड झाला असावा, त्यानं तो उतरवून ठेवला.

"मागच्या चैतात कळलं सायेब," तो त्यांच्या उजव्या कानाकडे वाकून परेडच्या आवाजात म्हणाला. "दसरूच्या छातीले तुमी नळी लावली अन् तो गाणं म्हनत होता. पोटातल्या पोटात, गुनगुन. त्याची खोडच हाय. तुमी म्हनले, साफ आहे."

पुढचं त्यानं रंगवून सांगितलं. असल्या गोष्टी न रंगवता सांगणं त्याच्या जिवावरच येई. म्हणे त्या दिवशी दुपारी सगळ्या वॉर्डाची सभा भरली, हवालदार गुणवंतराव अध्यक्ष. एकानं नळी लागताच मांजरासारखं म्याव करून बघितलं होतं, एकानं छातीत बिबट्या गुरगुरतो तसं करून बघितलं होतं, साहेबांनी दोघांनाही साफ म्हटलं. मग ठरलं. शिपाई आपला जखमी अफसर रस्त्यावर टाकून येतो का? नाही. तर मग उचलायचं. तेव्हापासून रोज सकाळी चहा येण्याआधी हे लोक एकमेकांच्या पाठीला कान लावत. ज्याच्या पाठीत जिथं गुरगुर, तिथं बोटानं खूण. आणि फेरीच्या वेळी साहेबांची नळी त्या खुणेवर आली की त्यानं खोकायचं. कुणाचे कान चांगले यावर भांडणं झाली. शेवटी दसरूला नेमला, कारण त्याला म्हणे लहानपणी जमिनीला कान लावून वाघ किती कोसावर आहे ते कळायचं.

डॉक्टरांना हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की आपण फेरीवर निघतो तेव्हा चालत नसतो. खाटेपासून खाटेपर्यंत आपल्याला कुणीतरी हातोहात पुढं देत असतं. "आणि चुकलं कधी?" त्यांनी विचारलं.

"दसरू चुकत नाई सायेब. आता मनसारामचंच घ्या. त्याले आधी ताप होता, गुरगुर होती उजवीकडं. मंग आठ-पंधरा दिवसांत सगळं थंडावलं. दसरूनं कान लावला तं कुठीच काई वाजे नाई. एकदम शांत. म्हून त्याले सांगतलं, तू आता खोकू नको, तू बरा झाला."

"एका बाजूला?" डॉक्टर म्हणाले. "की दोन्ही?"

"उजव्या बाजूले. डावीकडं वाजते तसं वाजे, सू सू."

डॉक्टर उठले तेव्हा खुर्ची मागं पडली. तिचा आवाज झाला असेल. छातीत शांतता नसते. जिवंत माणसाच्या छातीत कुठंच शांतता नसते. ती असते ती पाण्याखाली. फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधे पाणी साचलं की वरचा श्वास खाली पोचत नाही, आणि कान लावणाऱ्याला वाटतं की रोग झोपला. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. शिकवलेलं त्यांना ठाऊक होतं. पण ज्याला सगळ्याच छात्या शांत, त्याला ही शांतता त्या शांततेपासून वेगळी कशी काढता येणार?

मनसाराम खाटेवर बसून आपलं गाठोडं बांधत होता. डॉक्टरांनी त्याला पुढं वाकायला सांगितलं आणि आपलं डावं मधलं बोट त्याच्या पाठीवर आडवं ठेवून त्यावर उजव्या बोटानं ठोकलं. डाव्या बाजूला बोटाखाली पोकळ लागलं, रिकाम्या कणगीसारखं. उजव्या बाजूला खांद्याच्या हाडाखाली बोट आलं आणि दगडावर पडलं. पुन्हा दगड. खाली सगळा दगड. ऐकायला कान लागत होते थोडेच. ही दगडाची लाट बोटातून सरळ कोपरापर्यंत यायची. महिनाभर ही पाठ त्यांच्यासमोर रोज उभी होती आणि त्यांनी बोट लावलं नव्हतं, कारण बोट लावण्याची गरज भासू नये एवढी चोख व्यवस्था चाललेली होती. "दुखत होतं का?" त्यांनी विचारलं. मनसारामनं सवयीनं हनुवटी वर उचलली आणि त्याचे ओठ म्हणाले, ठीक है साब. "मनसाराम, मी विचारतोय." मग तो त्यांच्या कानाशी आला. "रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नाई सायेब. पन घरी गेलो की होईन बरा. तलावाचं पानी उतरून राह्यलं."

बरगड्यांच्या मधून सुई घातली तेव्हा पाणी आलं नाही. पेज आली, धानाच्या पेजेसारखी, गढूळ, जाड. पाणी असतं तर आशा होती. पेज म्हणजे आत सडायला लागून बरेच दिवस झाले. नळकांड्यामागून नळकांडं भरलं, बापूजी बाहेर नेऊन ओतत होता, आणि खाटांच्या पायथ्याशी सगळे उभे होते, कुणी सांगितलं नसताना, फॉलिनमध्ये. मनसारामचा श्वास जरा मोकळा झाला. त्यानं डोळे मिटले. देवकाबाई दारात येऊन उभी राहिली, आणि वारलूनं तिला बाहेर नेलं. काय सांगितलं असेल ते डॉक्टरांना दिसत होतं: हात वर जात होते, एवढी, अशी, घागरभर. साहेबांनी छातीतून घागरभर पेज काढली. वारलूच्या तोंडी कुठलीही गोष्ट घागरीपेक्षा लहान राहत नसे.

संध्याकाळी डॉक्टर व्हरांड्यात बसले. इरई नदीच्या बाजूनं धूळ उठून आकाश गढूळ झालं होतं, त्याचाही रंग पेजेसारखा. वारलू खांबाला टेकून उभा होता. या माणसाला एक गोष्ट विचारायची राहून गेली होती, इतकी वर्षं. तामूच्या रस्त्यावर बाँब पडला तेव्हा डॉक्टरांच्या दोन्ही कानांतून रक्त आलं, पायाचं हाड मोडलं. आधीच एका स्ट्रेचरवर चैतू होता, गडचिरोलीकडचा गोंड पोरगा, त्याच्या पोटात लोखंडाचा तुकडा. दुसरं स्ट्रेचर नव्हतं. चौघांनी एकमेकांकडे बघितलं, चैतूला बांबूच्या बेटाखाली उतरवून ठेवलं आणि डॉक्टरांना त्यावर घेतलं. डॉक्टर वाचला तर शंभर वाचतील, असा त्यांचा हिशेब असावा. किंवा हिशेब नसेलही, साहेब तो साहेब. चैतू त्यांच्याकडे बघत होता. बांबूच्या वाळक्या पानांवर त्याचा हात सरळ ठेवलेला होता, सलामीसाठी उचलायचा राहून गेल्यासारखा. आणि डॉक्टरांना आठवत होतं की ते ओरडत होते, मला खाली ठेवा, त्याला उचला, मला खाली ठेवा. आठवत होतं, म्हणजे घशात ते शब्द आठवत होते. पण त्या वेळी त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. शब्द तोंडातून बाहेर पडले होते की घशातच होते, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं. चौघं चालत राहिले होते. त्यांनी ऐकलं नाही म्हणून, की ऐकण्यासारखं काही नव्हतंच म्हणून? खांद्यांवरचा तो हेलकावा मात्र अंगात तसाच राहिला होता. एकीकडून उचल, दुसरीकडून बूड, पाळण्यासारखा, आणि लाज वाटावी इतका सुखाचा.

"वारलू," ते म्हणाले, "चैतूला खाली ठेवलंत त्या दिवशी मी काही बोललो होतो का?"

वारलूनं पायाचा अंगठा फरशीच्या फटीत घातला आणि त्याच्याकडे बघत राहिला. मग वर न बघता पण मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "बोलले ना सायेब. लई बोलले. मले खाली ठेवा, पोराले उचला, असं. आमीच नाई आयकलं."

डॉक्टरांनी खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. छातीत पेज साचलेली असावी आणि कुणी सुई घालावी, तसं त्यांना वाटलं. ओरडलो होतो तर. आवाज बाहेर पडला होता. त्या मोकळेपणात त्यांनी बापूजीला बोलावलं आणि सांगितलं, तार कर, माझ्या जागी दुसरा डॉक्टर पाठवा, तातडीनं. बापूजीनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला तार ऑफिसचा माणूस नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला तारा तुटल्या आहेत, जंगलात आग लागली आहे. वॉर्डातले सगळे आगीला साक्षी होते. दसरूला तर म्हणे तिचा आवाजही येत होता.

रोज सुई घालावी लागली. पेज संपत नव्हती. औषधं होती ती दिली. चांद्याच्या उन्हात मडक्यातलं पाणीही आंबायचं, तिथं औषधांची काय कथा. मनसाराम वाळत गेला, डोळे मोठे होत गेले, आणि ताप चढला की जाळं ओढल्यासारखे हात करायचा. खाटेच्या कडेला बसलेल्या देवकाबाईला दोरीचं दुसरं टोक धरायला सांगायचा. ती धरायची. फेरीच्या वेळी तो आता उठू शकत नव्हता, पण विचारलं की हनुवटी वर करायचा. डॉक्टरांनी विचारणंच सोडलं. एका दुपारी तो गेला. उजव्या कुशीवर गेला. ज्या कुशीवर झोपता येत नव्हतं तिच्यावर.

दुसऱ्या सकाळी सावलीहून आलेली माणसं त्याचं सामान न्यायला वॉर्डात आली, आणि नेमकी फेरीची वेळ. फॉलिन झालेली होती. मनसारामच्या रिकाम्या खाटेशीही कुणीतरी उभं राहिलं होतं, जागा दिसू नये म्हणून. डॉक्टर आत आले आणि गळ्यात नळी नव्हती. ती त्यांनी खोलीत, टेबलाच्या खणात ठेवून दिली होती. तेवढ्यात देवकाबाई पुढं झाली, वाकली आणि तिनं दोन्ही हात त्यांच्या बुटांवर ठेवले. तिच्यामागं वारलू उभा होता, समाधानी, आपली गोष्ट नीट पोचली म्हणून: साहेब कसे लढले, साहेबांनी रोज घागरभर कशी काढली, साहेबांनी तीन रात्री डोळ्याला डोळा कसा लावला नाही. डॉक्टर तर रोज गाढ झोपले होते. त्या संध्याकाळपासून, इतक्या वर्षांत झोपले नव्हते तसे.

डॉक्टरांनी बूट मागं ओढला. हात तसेच फरशीवर राहिले. वारलू घाईघाईनं पुढं झाला. त्याच्या ओठांवरून कळत होतं, नका सायेब, राहू द्या सायेब. गुणवंतरावही रांग सोडून एक पाऊल पुढं आले, जे त्यांनी आयुष्यात केलं नसेल. आपल्याला पुन्हा उचलताहेत, डॉक्टरांना वाटलं. तेच खांदे.

"बाई," ते म्हणाले. आवाज किती मोठा निघतो आहे हे कळत नव्हतं, म्हणून ते शक्य तितक्या मोठ्यानं बोलले. "तुमचा नवरा वाचला असता. महिनाभर आधी सुई घातली असती तर वाचला असता. मला ऐकू येत नाही. मला छातीतलं काही ऐकू येत नाही आणि मी सांगितलं नाही. मी रोज नळी लावत होतो आणि मला काही ऐकू येत नव्हतं. हे लोक मला सांभाळत होते. त्याचा जीव माझ्यामुळं गेला."

देवकाबाई उठली. ती त्यांच्याकडे बघत होती; डोळे कोरडे, वैशाखातल्या तलावाच्या तळासारखे भेगाळलेले. मग तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि बोलू लागली. पदरामागं ओठ हलत होते एवढंच कळत होतं; ओठांवरचे शब्द दिसत नव्हते. ती हळू बोलत असावी, कारण तिची मान स्थिर होती. ती पुष्कळ वेळ बोलली. मधे एकदा तिनं रिकाम्या खाटेकडे हात केला, एकदा दाराकडे. एकदा सगळ्या रांगेकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दसरूनं दोन्ही हातांनी आपले कान झाकून घेतले, आणि मग फॉलिनमध्ये आहोत हे आठवून हात खाली घेतले. डॉक्टर उजवा कान पुढं करून उभे होते, विनवल्यासारखे. पलीकडे भिंत होती आणि भिंतीपलीकडून काहीच पोचत नव्हतं. मग तिनं पदर सोडला, गाठोडं उचललं, खाटेखालचं जाळं खांद्यावर घेतलं, आणि तिच्या माणसांबरोबर ती दारातून उन्हात निघून गेली. तिच्या जाळ्याचे शिशाचे मणी फरशीवरून घासत गेले, ते दिसलं.

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यांनी वारलूच्या समोर जाऊन पुन्हा विचारलं, काय म्हणाल्या त्या. ती जितका वेळ बोलली होती तेवढ्या वेळात माणसाचा सगळा जन्म सांगून झाला असता.

वारलूनं पायाचा अंगठा फरशीच्या फटीत घातला. त्याच्याकडे बघत राहिला. आणि वर न बघता, पण मोठ्यानं, साहेबांना ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "ठीक हाय म्हनते सायेब."

डॉक्टर त्या अंगठ्याकडे बघत होते. हाच अंगठा, हीच खाली घातलेली मान, हाच मोठा, मायाळू, सरळ आवाज. व्हरांड्यातल्या त्या संध्याकाळी होता अगदी तोच. तेव्हा त्यांना कळलं की तामूच्या रस्त्यावर आपण एक शब्दही बोललो नव्हतो. सगळी रांग खाली बघत होती, जो तो आपापल्या अंगठ्याकडे. आणि पागेची ती जुनी फरशी त्यांच्या बुटांखाली हलू लागली, अगदी हळू, एकीकडून उचल, दुसरीकडून बूड, चार खांद्यांवर हलते तशी.